दिवस सरत नाही तेव्हा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात खिडकीकडच्या खाटेवर एक ट्रकचालक दाखल होता. वय पस्तिशीच्या आतबाहेर. क्षयरोगामुळे त्याच्या फुप्फुसाभोवतीच्या आवरणात पू साठला होता. बरगड्यांमधून नळी घालून तो पू खाटेखालच्या बाटलीत काढला जात होता. ताप उतरला होता, भूक लागू लागली होती, क्षयाच्या गोळ्या सुरू होत्या. केसपेपरवर आम्ही रोज 'प्रकृती सुधारत आहे' असं लिहीत होतो. सकाळी राउंडला गेलो की तो रोज एकच प्रश्न विचारायचा, "सायेब, नळी कधी निघंल?" मीही रोज एकच उत्तर द्यायचो, "बघू."

तेविसाव्या दिवशी पहाटे सिस्टरना त्याची खाट रिकामी दिसली. नळी आणि बाटलीसकट तो निघून गेला होता. केसपेपरवर 'रुग्ण न सांगता निघून गेला' असा शेरा मारून आम्ही मोकळे झालो. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला त्याचा रागच आला होता. एवढी मेहनत घ्यायची आणि बरं होत आलेल्या माणसानं असं पळून जायचं!

सहाव्या दिवशी तो परत आला. नळी निसटली होती, अंगात ताप होता, पू पुन्हा साठला होता. पुढे त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवून शस्त्रक्रिया करावी लागली. सुदैवानं तो वाचला. पाठवण्याआधी मी त्याला विचारलं, "का गेलात? काही त्रास होत होता का इथे?"

तो म्हणाला, "तरास न्हवता सायेब. पन दिस सरतच न्हवता. अन् तुमाला इचारलं की तुमी 'बघू' म्हनायचा."

त्याच्या या उत्तरात दोन तक्रारी होत्या. एक कंटाळ्याची, दुसरी अनिश्चिततेची. त्याचा ताप, नाडी, रक्तदाब, बाटलीतला पू किती मिलिलिटर, हे सगळं आम्ही रोज लिहीत होतो. या दोन तक्रारींसाठी केसपेपरवर रकाना नव्हता आणि त्या विचाराव्यात असं इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कधी सुचलंही नव्हतं. त्या दोन तक्रारींनी त्याचा जीव धोक्यात घातला होता.

रुग्णालयात ही गोष्ट ठळक दिसते, एवढंच. तिथून बाहेर पडलं तरी हीच दुखणी भेटतात. निकालाची वाट पाहणारा विद्यार्थी, परदेशातल्या मुलाच्या फोनची वाट पाहणारे आईवडील, कंत्राट पुढे वाढणार की नाही हे माहीत नसलेला कामगार, पहिला पाऊस पडून गेल्यावर पुढच्या पावसाकडे डोळे लावून बसलेला शेतकरी. हातात करण्यासारखं फारसं नाही आणि पुढे काय होणार ते माहीत नाही. अशा काळात माणसानं स्वतःला कसं सांभाळायचं?

कंटाळा म्हणजे आळस नाही

आपल्याकडे कंटाळ्याला आळसाचा भाऊ समजतात. लहानपणी "कंटाळा आला" म्हटलं की घरातली मोठी माणसं "मग कपाट आवर" म्हणत. पण आळसावलेल्या माणसाला काही करायचं नसतं आणि त्याचं त्याला दुःखही नसतं. कंटाळलेल्या माणसाला काहीतरी करायचं असतं, पण समोर आहे त्यात मन शिरत नाही आणि कशात शिरेल ते सापडत नाही. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जॉन ईस्टवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये कंटाळ्याची जी व्याख्या मांडली ती साधारण अशीच आहे. समाधान देणाऱ्या गोष्टीत गुंतण्याची इच्छा असूनही गुंतता न येणं म्हणजे कंटाळा. भूक लागली की शरीर अन्न मागतं, तसं कंटाळा आला की मन काहीतरी मागत असतं. तो एक इशारा आहे.

मन रिकामं बसतं तेव्हा मेंदूही रिकामा बसतो, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण स्वस्थ बसलेले असतानाही शरीराच्या एकूण ऊर्जेतला सुमारे वीस टक्के वाटा तो खातो. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथले मार्कस रेचल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं, की आपण एखाद्या बाहेरच्या कामात गढलेले नसतो तेव्हा मेंदूतले काही ठरावीक भाग अधिक सक्रिय असतात. जुन्या आठवणी काढणं, उद्याची चित्रं रंगवणं, स्वतःबद्दल आणि आपल्या माणसांबद्दल विचार करणं, अशी कामं हे जाळं करतं. म्हणजे हात रिकामे झाले की मेंदू आपल्याशी आपल्याविषयी बोलू लागतो.

हे बोलणं सगळ्यांना सोसवतं असं मात्र नाही. २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांचे काही प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यातल्या एकात लोकांना पंधरा मिनिटं खोलीत एकटं बसवलं. जवळ मोबाइल नाही, पुस्तक नाही. फक्त एक बटण होतं, ते दाबलं की विजेचा सौम्य झटका बसायचा. तो झटका या मंडळींनी आधी अनुभवला होता आणि तो टाळण्यासाठी पैसे मोजायलाही आपण तयार आहोत, असं सांगितलं होतं. तरीही त्या पंधरा मिनिटांत अठरा पुरुषांपैकी बाराजणांनी आणि चोवीस स्त्रियांपैकी सहाजणींनी निदान एकदा तरी ते बटण दाबलं. प्रयोग लहान होता, त्यावरून सगळ्या मानवजातीचा निवाडा करू नये. पण पंधरा मिनिटांच्या एकांतापेक्षा झटका बरा वाटणारी माणसं असतील, तर तेवीस दिवस छताकडे बघत पडलेला आमचा ट्रकचालक रात्री उठून का गेला, हे समजायला अवघड नाही.

पन्नास टक्क्यांचा छळ

आता दुसरी तक्रार. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पंचेचाळीस स्वयंसेवकांना संगणकावर एक खेळ खेळायला दिला. पडद्यावर दगड दिसायचे आणि दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा दुखणारा झटका. खेळ चालू असताना त्यांचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या. सर्वांत जास्त ताण केव्हा दिसला? झटका बसणार हे नक्की असताना नाही, तर बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना. शंभर टक्के खात्रीच्या झटक्यापेक्षा 'बसेल किंवा बसणार नाही' हा झटका माणसाला जास्त छळतो.

हे वाचलं तेव्हा मला ओपीडीतली बाकं आठवली. मानेतल्या गाठीचा तुकडा तपासणीला गेला की आठ-दहा दिवस माणूस जेवत नाही, झोपत नाही. रिपोर्ट वाईट आला तर रडतो आणि पुष्कळदा त्याच रात्री झोपतो. नातेवाईक येऊन सांगतात, "डॉक्टर, काल पहिल्यांदा शांत झोपले." पूर्वी मला याचं आश्चर्य वाटायचं. साप आहे हे कळलं की शरीर तयारीला लागतं. नाही म्हटलं की सैल होतं. आहे की नाही हेच कळत नसेल तर ते धड तयार होत नाही आणि सैलही होत नाही. गिअर न पडता इंजिन तापावं, तसं होतं.

कंटाळा आणि अनिश्चितता एकत्र आल्या की त्या एकमेकींना खतपाणी घालतात. रिकामा वेळ मिळाला की मन उद्याचे तर्क करू लागतं. तर्कांनी जीव घाबरला की समोरच्या कोणत्याच गोष्टीत मन लागत नाही. मन लागलं नाही की वेळ आणखी रिकामा होतो.

माझे दहा दिवस

हे ज्ञान मला पुस्तकातून मिळालं असतं तर मी ते विसरलोही असतो. पण २०२० च्या सप्टेंबरमध्ये कोविड वॉर्डात काम करता करता मी स्वतः पॉझिटिव्ह आलो. दहा दिवस एका खोलीत एकटा. घरची मंडळी दुसरीकडे. लक्षणं सौम्य होती. थोडा ताप, अंगदुखी आणि गेलेला वास. पहिले दोन दिवस झोपेत गेले. तिसऱ्या दिवसापासून माझा ट्रकचालक झाला.

बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, ९७. पाच मिनिटांनी पुन्हा, ९६. लगेच बोट बदलून, ९७. माझ्यासारख्याच वयाची, सुरुवातीला सौम्य वाटणारी माणसं आठव्या-नवव्या दिवशी खालावताना मी पाहिली होती. त्यामुळे दर आकड्यामागे एक गोष्ट उभी राहायची. उरलेला वेळ मोबाइलवर. बातम्या, मग व्हिडिओ, मग पुन्हा बातम्या. एक व्हिडिओ पूर्ण पाहिल्याचं आठवत नाही. रात्री दोनला डोळे चुरचुरायला लागले की फोन ठेवायचा आणि परत ऑक्सिमीटर उचलायचा. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं लोकांना "काळजी करू नका" असं सांगणारा मी. ते वाक्य किती पोकळ आहे ते मला त्या खोलीत कळलं.

पाचव्या दिवशी मानसोपचार विभागातल्या एका सहकाऱ्याला फोन केला. तिनं मला धीर दिला नाही, दोन सूचना दिल्या. "ऑक्सिमीटर कपाटात ठेव. दिवसातून चार वेळा, घड्याळ लावून बघ. मध्ये धाप लागली किंवा बरं वाटेनासं झालं तर अर्थातच बघ, पण नुसतं मन म्हणतंय म्हणून नको. आणि एक वही घे. दर वेळी बघावंसं वाटलं की आधी लिही, या क्षणी नक्की काय होतंय."

लिहायला बसलो आणि अडलो. काय होतंय? 'टेन्शन आलंय' एवढंच लिहिता आलं. छप्पन्न प्रकारच्या तापांमधला फरक सांगू शकणारा डॉक्टर स्वतःच्या मनाला मात्र एकच शब्द वापरत होता.

नेमका शब्द शोधा

आपली भाषा या बाबतीत श्रीमंत आहे. पुढच्या दिवसांत मी वहीत शब्द जमवत गेलो. 'धाकधूक' ही उद्याबद्दलची असते. 'रुखरुख' आणि 'चुटपुट' होऊन गेलेल्या गोष्टीची असते. 'हुरहुर' असते तेव्हा बहुधा कोणीतरी माणूस जवळ नसतं. तेच ते पुन्हा पुन्हा झालं की 'उबग' येतो. काही करायला निघावं आणि अडवलं जावं, तेव्हा 'वैताग'. दोन्हीकडून ओढ बसते तेव्हा 'घालमेल'. सगळ्यांना आपण 'बोअर झालंय' आणि 'टेन्शन आहे' या दोन पोत्यांत कोंबून टाकलं आहे.

हे भाषेचे लाड वाटतील. पण पोटात दुखतंय म्हणणाऱ्या रुग्णाला मी आधी "कुठे बोट ठेवून दाखवा" असंच सांगतो, कारण बोट उजवीकडे खाली ठेवलं तर इलाज वेगळा आणि बेंबीच्या वर ठेवलं तर वेगळा. मनाचंही तसंच आहे. हुरहुर असेल तर फोन उचलून त्या माणसाशी बोलावं, व्हिडिओ बघून ती जात नाही. रुखरुख असेल तर माफी मागायची राहिली आहे का, ते पाहावं. उबग असेल तर क्रम बदलावा. धाकधूक असेल तर माहिती कोणाकडून आणि केव्हा मिळेल ते विचारावं. स्वतःशी पुन्हा नातं जोडायचं म्हणजे डोंगरावर जाऊन बसायचं नसतं. खाटेवर पडल्या पडल्या स्वतःला "कुठे दुखतंय, बोट ठेव" असं विचारता येतं.

नाव देण्यानंच थोडा उतार पडतो, याला पुरावाही आहे. कॅलिफोर्नियातले मॅथ्यू लीबरमन यांनी २००७ मध्ये मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं, की चित्रातल्या चेहऱ्यावरची भावना शब्दांत ओळखायला सांगितली की मेंदूतल्या अमिग्डला या भागाची खळबळ कमी होते. धोक्याची घंटा वाजवण्यात या भागाचा मोठा वाटा असतो.

दुसरी युक्ती स्वतःला नावानं हाक मारण्याची. मिशिगन विद्यापीठातले इथन क्रॉस यांच्या २०१४ च्या अभ्यासात, ताण देणाऱ्या प्रसंगाआधी जे लोक स्वतःशी बोलताना 'मी' न वापरता स्वतःचं नाव किंवा 'तू' वापरत होते, त्यांना त्रास कमी झाला. मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलण्याची रीत आपल्याला नवी नाही. समर्थ रामदासांचे २०५ 'मनाचे श्लोक' मनालाच उद्देशून आहेत. मित्र अडचणीत असला की आपण त्याला जो शहाणा सल्ला देतो, तो स्वतःला देण्यासाठी स्वतःपासून चार पावलं मागे सरावं लागतं. "मी मेलो तर?" या प्रश्नाला मला उत्तर नव्हतं. "डॉक्टर, तुझा आज सातवा दिवस, ताप नाही, चार नोंदी नीट आहेत. आता काय करणार आहेस?" याला होतं.

मोबाइलनं भागत का नाही?

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? हातात फोन आहे की! माझाही तोच समज होता. टोरंटो विद्यापीठातल्या केटी टॅम आणि मायकल इन्झ्लिख्ट यांनी २०२४ मध्ये सात प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाराशेहून अधिक लोक त्यात होते. कंटाळा टाळण्यासाठी माणसं एक व्हिडिओ अर्धवट सोडून दुसऱ्यावर जातात किंवा तो पुढे ढकलतात. पण तसं करणाऱ्यांना उलट जास्त कंटाळा येत होता. एकच व्हिडिओ शेवटपर्यंत पाहणाऱ्यांना तो अधिक रंजक आणि समाधान देणारा वाटला. मन गुंतायला वेळ लागतो. आपण ते गुंतायच्या आत उपटून दुसरीकडे लावतो. रोज उपटून दुसरीकडे लावलेलं रोप मूळ धरत नाही.

म्हणजे फोन फेकून द्यायचा का? मुळीच नाही. वॉर्डातल्या कित्येकांना तो एकमेव सोबती असतो. पण पाहायचा तर एक सिनेमा पूर्ण पाहावा, एक कीर्तन पूर्ण ऐकावं, एका माणसाशी पोटभर बोलावं.

गुंतण्याचं महत्त्व अनिश्चिततेच्या काळात तर फारच. आव्हान आणि आपलं कसब यांचा मेळ बसला की माणूस कामात इतका बुडतो की वेळेचं भान हरपतं. मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी या अवस्थेला 'फ्लो' म्हटलं. आपण 'तंद्री लागली' म्हणतो, ते याच्या जवळ जातं. अमेरिकेतल्या केट स्वीनी वर्षानुवर्षं 'वाट पाहणं' याच विषयावर संशोधन करत आहेत. वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची कित्येक महिने वाट पाहणाऱ्या तरुणांचा त्यांनी अभ्यास केला. मनाला आवरण्याचे या तरुणांचे नेहमीचे बहुतेक उपाय फारसे कामाला आले नाहीत, असं त्यांना आढळलं. पुढे चीनमध्ये कोविडमुळे घरात अडकलेल्या पाच हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत दिसलं, की विलगीकरण जितकं लांबलं तितके लोक खचत गेले, पण ज्यांना अशी तंद्री वारंवार लागत होती ते त्या मानानं टिकून राहिले. अशा पाहणीवरून कारण आणि परिणाम छातीठोकपणे सांगता येत नाही. तरी आमच्या वॉर्डातला अनुभव त्याच्या बाजूचा आहे.

करून पाहावं असं

कंटाळा आणि धाकधूक यांवर मी आता रुग्णांना, विद्यार्थ्यांना आणि स्वतःला जे सांगतो, ते साधं आहे.

दिवसाला तीन-चार खुंट्या ठोकाव्यात. उठण्याची, आंघोळीची, फिरण्याची, जेवणाची वेळ ठरलेली असावी. उद्या काय होईल माहीत नसलं तरी चार वाजता चहा आहे, एवढी खात्री मनाला लागते.

काळजीलाही वेळ नेमून द्यावी. माझा ऑक्सिमीटर चार वेळा, तसा निकालाचा संकेतस्थळावरचा शोध दिवसातून एकदा. दिवसभर खरवडत राहिलं तर खपली धरत नाही.

दिवसातून एकदा दहा मिनिटं काहीही न करता बसावं. श्वास कुठपर्यंत जातो, खांदे कुठे आखडलेत, जबडा आवळला आहे का, पोटात काय चाललंय, एवढंच पाहावं. आधी शरीराकडे गेलं की मनाचा पत्ता लवकर लागतो. पहिले काही दिवस हा वेळ संपता संपत नाही. तेव्हा विजेच्या झटक्याचं बटण आठवावं आणि बसून राहावं.

हातांना काम द्यावं. गोधडी, भाजी निवडणं, सायकल दुरुस्त करणं, पेटीवर एक गाणं बसवणं, काहीही. अट एकच, ते थोडं अवघड असावं आणि दुसऱ्या दिवशी कालच्यापेक्षा बरं जमल्याचं दिसावं.

पण सावध

एक गोष्ट डॉक्टर म्हणून स्पष्ट सांगायला हवी. 'कशातच मन लागत नाही' ही तक्रार दरवेळी कंटाळ्याची नसते. रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असणं, थायरॉइडचं काम मंदावणं, बी-१२ ची कमतरता, आटोक्यात नसलेला मधुमेह यांतही माणूस असाच गळून जातो. आवडीच्या गोष्टींतला रस गेला आहे, किंवा मन सतत उदास आहे, असं दोन आठवडे जवळजवळ रोज होत असेल तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. अशा माणसाला "स्वतःशी बोल" सांगून एकटं सोडणं घातक ठरू शकतं, कारण आत त्याच्याशी बोलणारा आवाज त्या वेळी त्याचा मित्र नसतो. त्यानं डॉक्टरांकडे जावं. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच जावं आणि एकट्यानं जाऊ नये. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

दुसरं असं, की प्रत्येक अनिश्चितता सोसायची नसते. रोजगार बुडतोय, घरी मुलं आहेत, या काळजीवर श्वासाकडे पाहणं हा इलाज नाही. आमच्याकडे त्यासाठी समाजसेवा अधीक्षक असतात. सरकारी योजना, कागदपत्रं, मदत यांची माहिती तिथे मिळते. आणि काही अनिश्चितता तर आम्हीच तयार करतो. माझं ते 'बघू' आठवा. नळी कधी निघेल ते मला खरंच ठाऊक नव्हतं. पण रोजचा पू अमुक इतका कमी झाला आणि एक्स-रेमध्ये फुप्फुस फुललेलं दिसलं की काढायची, हे ठाऊक होतं. ते मी त्याला सांगितलं असतं तर त्यानं रोज बाटलीवरच्या रेघा मोजल्या असत्या. त्याच्या दिवसाला काम मिळालं असतं.

त्यानंतर आम्ही राउंडची एक पद्धत पाडून घेतली. प्रत्येकाला तीन गोष्टी सांगायच्या. काय कळलं आहे, काय अजून कळलेलं नाही आणि ते केव्हा कळेल. ओपीडीच्या गर्दीच्या दिवशी ती मोडते, रेसिडेंट डॉक्टर दमलेले असले की मोडते. पण तीन वाक्यांना मिनिटभरही लागत नाही. आणि शेवटी एक प्रश्न, "दिवस कसा जातो?"

मागच्या वर्षी स्त्रियांच्या वॉर्डात एका आजींना हा प्रश्न विचारला. मानेत गाठी होत्या. क्षय असेल किंवा लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग. गाठीचा तुकडा तपासणीला गेला होता. मी सांगितलं, "आजी, नऊ-दहा दिवस लागतील. तोवर मलाही माहीत नाही." आजींनी उत्तर दिलं नाही, उशाखालची पिशवी उघडून दाखवली. सुनेकडून कापूस मागवून त्या वाती वळत होत्या. "लाख करायच्यात," त्या म्हणाल्या, "तुमचा कागद येईल तेव्हा येईल."

शेजारच्या खाटेवरची मुलगी त्यांच्याकडून शिकू लागली. तिच्या वाती आधी जाड्याभरड्या व्हायच्या, आजी त्या उलगडून पुन्हा करायला लावायच्या. संध्याकाळी दोघी मोजदाद करायच्या. आजींना भीती वाटत नव्हती असं नाही. रात्री त्या सिस्टरना जवळ बोलावून हात धरून बसत. "पोटात गोळा येतो," असं साफ सांगत आणि मग झोपत.

रिपोर्ट लिम्फोमाचा आला. वातींनी त्यात काही फरक पडला नव्हता, पडणारही नव्हता. त्यांना कर्करोग विभागात हलवलं, उपचार सुरू झाले. जाताना पिशवी बरोबर होती. लाखाला अजून पुष्कळ कमी आहेत म्हणाल्या.

त्या दिवशी राउंड संपल्यावर शेजारच्या मुलीचा केसपेपर चाळत होतो. रेसिडेंटनं ताप, नाडी, रक्तदाब लिहून खाली, जागा नसताना, बारीक अक्षरात एक ओळ घातली होती : 'आज दिवस बरा गेला म्हणते.'